दुधाच्या पुस्तकातल्या कोऱ्या ओळी

चाळीसगाव तालुक्यातल्या एका घरात मी डेअरीचं दुधाचं पुस्तक पाहिलं होतं. सकाळ, संध्याकाळ, लिटर, फॅट, भाव, रक्कम असे रकाने आणि बोटांनी मळलेल्या कडा. उंच फळीवर ठेवलेलं होतं म्हणून पुराच्या पाण्यातून वाचलं. ३० ऑगस्ट २०२१ च्या संध्याकाळपर्यंत ओळी भरलेल्या होत्या, पुढची पानं कोरी. त्या रात्री डोंगरपट्ट्यात पाऊस कोसळला. ३१ तारखेला तितूर आणि डोंगरी या नद्यांना पूर आला, कन्नड घाटात दरडी आल्या, कित्येक गोठ्यांतली जनावरं वाहून गेली. "बठ्ठं वाही गयं," म्हणजे सगळं वाहून गेलं, घरातली बाई एवढंच बोलली. तिच्या घरच्या पंचनाम्यात गोठ्यापुरती एकच ओळ होती : दुभत्या म्हशी, दोन.

ती ओळ खरी होती, पण ती फक्त काय गेलं ते सांगते. रोज येणारं काय थांबलं, ते दुधाचं पुस्तक सांगतं. आणि हे घर पुन्हा चालतं व्हायला काय लागेल, ते या दोन्हींत कुठेच लिहिलेलं नव्हतं. आपत्तीनंतरच्या गरजांची मोजणी करणारं शास्त्र नेमकं या तीन गोष्टी वेगळ्या करण्यावर उभं आहे. मोडलेल्या मालमत्तेला हानी म्हणायचं, बुडालेल्या उत्पन्नाला आणि वाढलेल्या खर्चाला तोटा, आणि पुन्हा उभं राहायला जे लागेल ती गरज.

साधा हिशोब करू. एक म्हैस दिवसाला आठ लिटर दूध देते आणि लिटरला पन्नास रुपये मिळतात असं धरलं, तर रोजचे ४०० रुपये झाले. निम्मे चारा-पेंडीत जातात, हातात २०० उरतात. वेत, म्हणजे म्हशीचा दुधाचा काळ, संपायला आठ महिने असतील तर ४८,००० रुपये बुडाले. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत दुभत्या म्हशीमागे ३७,५०० रुपये धरले होते. या पैशात तशी म्हैस मिळत नाही हे बाजार करणारा कुणीही सांगेल. पण समजा मिळालीच, तरी मधल्या महिन्यांचं दूध त्या आकड्यात कुठेच नाही. निकषातली रक्कम ही तातडीची मदत आहे, भरपाईचा हिशोब नाही, आणि तसा दावा शासनही करत नाही. घोटाळा होतो तो आपण तिलाच गरजेचं माप समजतो तेव्हा.

हा विचार जन्माला आला तो मध्य अमेरिकेत. डिसेंबर १९७२ मध्ये निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपाने उद्ध्वस्त झाली. लॅटिन अमेरिकेसाठी असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक आयोगाने तेव्हापासून अशा संकटांचा हिशोब मांडायची रीत घडवत नेली आणि १९९१ मध्ये तिची पुस्तिका काढली. आपल्याकडे बहात्तर म्हटलं की म्हातारी माणसं दुष्काळाचंच बोलतात. खडी फोडलेली, सुकडी खाल्लेली. दुष्काळात भिंत पडत नाही, पूल वाहत नाही, हानीचा रकाना जवळपास रिकामा राहतो आणि सगळा घाव तोट्यावर पडतो. फक्त मोडलेलंच मोजलं, तर बहात्तर साली फारसं काही घडलंच नाही असा निष्कर्ष निघेल. २००८ मध्ये युरोपीय संघ, जागतिक बँक आणि संयुक्त राष्ट्रांनी एकत्र येऊन या मोजणीची समाईक पद्धत मान्य केली, आज तीच जगभर वापरतात.

आता जळगाव जिल्ह्यातल्या केळीच्या पट्ट्याकडे, रावेर-यावलकडे वळू, कारण केळीइतकं हे गणित दुसऱ्या कुठल्या पिकात उघडं पडत नाही. मे-जूनमध्ये, ऐन कापणीच्या तोंडावर, वादळ येतं. केळीचं जे खोड आपण म्हणतो ते खरं खोड नव्हेच. एकमेकांत गुंडाळलेल्या पानांच्या देठांचा तो सोट असतो आणि त्याचं बहुतेक वजन पाण्याचं असतं. त्याच्या शेंड्याला वीस-पंचवीस किलोचा घड लटकलेला आणि वर शिडासारखी पानं. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी ३० किलोमीटर वारा एक चौरस मीटर पानावर साधारण चार किलोचा रेटा देतो, ताशी ६० चा देतो सतराच्या आसपास. म्हणजे वेग दुप्पट आणि मार चौपट. निसवलेलं, घड भरलेलं झाड आधी मोडतं आणि बिनघडाचं बऱ्याचदा तगतं. सर्वांत जास्त खर्च होऊन चुकलेली बाग सर्वांत आधी आडवी होते ती यामुळे.

पाच बाय पाच फुटांवर लावली तर एकरात सुमारे १,७४० झाडं बसतात. पंचनाम्यात क्षेत्र येतं आणि नुकसानीची टक्केवारी येते. ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच मदत. पण बागेचं वय? जूनमध्ये लावलेल्या मृगबागेचं नऊ महिन्यांचं झाड आणि त्यानंतर ऑक्टोबरच्या सुमाराला लावलेल्या कांदेबागेचं पाच महिन्यांचं झाड पडलं, तर क्षेत्राच्या रकान्यात दोन्ही सारखी. शेतकऱ्याच्या खिशात ती अजिबात सारखी नसतात. पहिल्यात खत, पाणी, मजुरी जवळपास सगळी गेलेली असते, दुसऱ्यात निम्मी अजून हातात असते. म्हणून तोटा काढताना घडाच्या पूर्ण किमतीतून न झालेला खर्च, म्हणजे वाचलेली कापणी, वाहतूक, उरलेलं खत, वजा करायचा असतो. आणि घडाची किंमत एकदा धरली की लागवडीचा खर्च पुन्हा वेगळा जोडायचा नाही, नाहीतर एकच रुपया दोनदा बुडतो. फुगवलेला आकडा शेतकऱ्याच्या बाजूचा वाटतो, पण तो एकदा उघडा पडला की पुढच्या खऱ्या आकड्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

गरज मात्र याहून निराळी. बाग पुन्हा उभी करायची तर पडलेली खोडं कापून बाहेर काढायला मजूर हवेत. मुळाशी जिवंत पील, म्हणजे बाजूचा कोंब, असेल तर त्यावरच पुढची बाग, पिलबाग, धरता येते, मग रोपांचा पैसा वाचतो. नसेल तर नवी रोपं हवीत, आणि तीही आख्ख्या पट्ट्याला एकाच महिन्यात. ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चर) रोप प्रयोगशाळेतून निघून शेतात लावण्याजोगं व्हायला महिने लागतात, पैसे हातात असले तरी ते उद्या मिळत नाही. नंतर केळी यायला साधारण वर्ष. गरजेच्या तक्त्यात रुपयांच्या शेजारी तारीख लिहायची असते ती म्हणून.

मोजायला कधी जायचं, हाही शास्त्राचाच प्रश्न आहे. मोठ्या उघडिपीनंतर जोराचा पाऊस झाला की कपाशीला आकस्मिक मर येते. पाणी साचून मातीतली हवा निघून जाते, मुळं गुदमरतात, पण झाड लगेच मान टाकतंच असं नाही. लगेच बांधावरून पाहणाऱ्याला शेत हिरवं दिसू शकतं आणि काही दिवसांत तेच सुकलेलं असतं. भिंतीवरच्या चिखलाच्या रेघेचं याच्या उलट. पुराचं पाणी घरात किती चढलं याचा तोच पुरावा, आणि पुढच्या दोन सरींत ती धुऊन जाते. पाणी पोटरीपर्यंत आलं की चुलीजवळचं सामान वाया जातं, कमरेपर्यंत आलं की धान्याची कोठी आणि गिरणीची मोटर. टेप घेऊन आधी ती रेघ मोजावी, पिकाकडे मात्र दोनदा जावं.

उपग्रहाने हे सगळं परस्पर मोजता येईल असं अनेकांना वाटतं. काही अंशी येतंही. भारताचा ईओएस-०४ आणि युरोपचा सेंटिनेल-१ रडारने पाहतात, त्यांना ढग आडवे येत नाहीत. शांत पाण्यावरून रडारच्या लहरी आरशासारख्या दुसरीकडे निघून जातात, म्हणून चित्रात पाणी काळं दिसतं. तापीसारखी मोठी नदी दिवसचे दिवस पसरली तर नकाशा छान मिळतो. पण डोंगरातून आलेलं पाणी काही तासांत ओसरतं आणि उपग्रह परत त्या जागेवर येईपर्यंत तिथे फक्त गाळ उरतो. दाट केळीखाली साचलेलं पाणीही या लहरींना नीट दिसत नाही. आपल्या नाल्याकाठच्या गावांसाठी माणसाची पायपीट अजून तरी सुटलेली नाही.

आधी काय होतं हे माहीत असल्याशिवाय काय गेलं हे ठरत नाही. ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली १५ ऑगस्ट २०२१ रोजी, चाळीसगावच्या पुराच्या सोळा दिवस आधी. शेतातलं पीक शेतकऱ्याने स्वतः फोटोसह नोंदवायचं, ही सवय मला फार मोलाची वाटते. पण तीही सातबाऱ्याला बांधलेली आहे. निम्म्या वाट्याने शेत करणारा, सातपुड्यातून केळी कापायला उतरलेलं पावरा आदिवासी कुटुंब, दुसऱ्याच्या म्हशींचं शेण-पाणी करून घर चालवणारी विधवा बाई यांचं काहीच मोडत नाही, म्हणून त्यांचं नाव कुठल्या पंचनाम्यात येत नाही. त्यांचा फक्त तोटा होतो. तो शोधायचा तर घरोघर जाऊन बसावं लागतं आणि बाईला वेगळं विचारावं लागतं. हातउसने किती घेतले, सोनं कुठे ठेवलं, पोरगी शाळेत जाते का, हे ओट्यावर दहा पुरुषांसमोर कोण सांगेल?

२०१८ च्या केरळच्या पुरानंतर ही मोजणी पूर्ण रीतीने झाली. हानी सुमारे १०,५५७ कोटी रुपये आणि तोटा १६,१६३ कोटी. म्हणजे जे मोडलं त्याच्या दीडपट नुसतं थांबलं. आणि गरज निघाली ३१,००० कोटींच्या आसपास, दोन्हींच्या बेरजेहून जास्त, कारण जुना पूल जुन्याच उंचीला बांधला तर तो पुन्हा वाहून जाणार हे हिशोबात धरलेलं होतं. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी राज्यांच्या आपत्ती निधीत पुनर्बांधणीसाठी ३० टक्क्यांचा वेगळा हिस्सा ठेवला होता. असा हिस्सा मागायचा तर हातात नुसती पंचनाम्यांची बेरीज असून भागत नाही.

त्या घरी मी सहा महिन्यांनी पुन्हा गेलो. एक म्हैस आली होती, बचत गटाच्या कर्जावर. पुस्तक नवं होतं, सकाळचं साडेतीन लिटर लिहिलेलं. संध्याकाळचा रकाना रिकामा होता. ते दूध घरात नातवाला ठेवतो, ती म्हणाली.