ओसरीवरचा कॅमेरा आणि निनावी हल्ले: हे सुरू कुठून झालं

चवथीच्या आधी डिचोलीच्या आमच्या जुन्या घरात कॅमेरे बसवले, का तर मुंबईतल्या काकाला मोबाईलवर अंगण आणि तुळस दिसावी म्हणून. बसवणारा पोरगा शिडीवरून उतरला, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) टीव्हीच्या कपाटात ढकलला आणि खोक्यावर पेनाने लिहिलं, अ‍ॅडमिन, खाली अ‍ॅडमिन १२३. म्हटलं पासवर्ड बदलूया की, तर म्हणतो, "बदलूं नाकात, मागीर विसरतात आनी म्हाकाच फोन करतात." त्याचंही खोटं नाही म्हणा.

पण असा पासवर्ड कोणीही ओळखतो, लांबूनच आपला कॅमेरा ताब्यात घेतो आणि अशा लाखो उपकरणांतून एखाद्या साइटवर एकदम इतका डेटा सोडतो की ती बंदच पडते. ही पासवर्डची गंमत फार जुनी आहे. १९८८ मध्ये रॉबर्ट मॉरिस नावाच्या कॉर्नेलच्या विद्यार्थ्याने सोडलेला वर्म (आपोआप पसरणारा प्रोग्राम) इतर युक्त्यांबरोबर सोपे पासवर्ड ओळखूनच कॉम्प्युटरांत शिरत होता. पुढे २००० च्या फेब्रुवारीत कॅनडातल्या पंधरा वर्षांच्या एका मुलाने याहू, ईबे, अ‍ॅमेझॉन, सीएनएन असे मोठे मोठे बंद पाडले, तेव्हा मात्र त्याला आधी दुसऱ्यांचे कॉम्प्युटर ताब्यात घ्यावे लागले. नंतर कॉम्प्युटरांना फायरवॉल आले, अपडेट आले, मग ज्याच्याकडे कोणीच बघत नाही असं काय उरलं, तर कोपऱ्यातला राउटर. २०१२ मध्ये एका निनावी माणसाने डीफॉल्ट, म्हणजे कंपनीकडूनच आलेले पासवर्ड वापरून सव्वाचार लाखांच्या आसपास उपकरणं ताब्यात घेतली आणि त्यांच्याकडून चक्क सगळ्या इंटरनेटची शिरगणती करून घेतली. नुकसान करायचं नव्हतं म्हणे, पण दार उघडं आहे हे सगळ्यांना कळलं.

खरा दणका २०१६ चा, मिराई नावाचा मालवेअर, म्हणजे उपकरणात घुसणारा घातकी प्रोग्राम. यात डोकेबाज असं फार काही नव्हतं. टेलनेट (लांबून लॉगिन करायची जुनी सोय) उघडं असलेलं उपकरण शोधायचं, कंपनीने दिलेल्या साठेक युझरनेम-पासवर्डांच्या जोड्या लावून बघायच्या, लागली की आत. राहायचं फक्त मेमरीत, म्हणजे लाईट गेली की साफ, पण लाईट आल्यावर थोड्याच वेळात परत तेच (आमच्याकडे पावसाळ्यात दिवसातून चार वेळा साफ झालं असतं). ऐन भरात सहा लाखांच्या आसपास उपकरणं होती, बहुतेक कॅमेरे, डीव्हीआर, राउटर. सप्टेंबरात पत्रकार ब्रायन क्रेब्सच्या साइटवर सेकंदाला ६२० गिगाबिटचा मारा झाला, मग महिनाअखेरीला मिराई लिहिणाऱ्याने सोर्स कोडच, म्हणजे मूळ प्रोग्रामच, सगळ्यांना वाटून टाकला. चोराने किल्ली गावभर वाटली की मूळ चोर कोण हे कसं कळणार, तसलाच प्रकार. २१ ऑक्टोबरला डाइन या डीएनएस कंपनीवर (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या) हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट अमेरिकेत बऱ्याच जणांना उघडेनात.

लोकांना वाटलं कुठल्या तरी देशाचं काम असणार. मिराई लिहिणारी निघाली तीन कॉलेजवयाची पोरं, माइनक्राफ्ट गेमच्या सर्व्हरांच्या धंद्यातली भांडणं (डाइनवरचा हल्ला मात्र वाटलेला कोड घेऊन दुसऱ्यांनीच केलेला). त्यातला पारस झा हल्ल्यापासून वाचवायची सर्व्हिस विकणारी कंपनीही चालवायचा, म्हणजे मारणाराही तोच आणि मलमवालाही तोच. २०१७ च्या डिसेंबरात तिघांनी गुन्हा कबूल केला. तुरुंग झाला नाही, एफबीआयला मदत केली म्हणून प्रोबेशन, नुकसानभरपाई आणि समाजसेवेवर भागलं.

आपल्याकडे २०१७ च्या जुलैत बीएसएनएलचे हजारो मोडेम एका मालवेअरने बंद पाडले, कारण तेच, पासवर्ड न बदललेले. त्याच वर्षी सरकारने असे मालवेअर शोधून काढायला सायबर स्वच्छता केंद्रही सुरू केलं, पण गावात किती जणांना ते माहीत आहे देव जाणे.

आता हे वाढतंय का, तर एक म्हणजे पूर्वी घरचं अपलोड असायचं चिमूटभर, आता गावागावात फायबर आहे, एकेक घर बऱ्यापैकी मारा करू शकतं. २०२५ मध्ये साइटना हल्ल्यांपासून वाचवणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीने आयसुरू नावाच्या बॉटनेटचा (ताब्यात घेतलेल्या उपकरणांच्या फौजेचा) सेकंदाला २९.७ टेराबिटचा, म्हणजे २९,७०० गिगाबिटचा, हल्ला अडवला, म्हणजे क्रेब्सवरच्याच्या जवळजवळ ४८ पट. दुसरं, मागे शोधत गेलं तर पत्ता सापडतो तुमच्या आमच्या घराचा, आणि घरच्यांना काहीच माहीत नसतं, कारण कॅमेऱ्यात तुळस दिसतच असते.

कायदे आले. कॅलिफोर्नियाचा २०२० पासून, ब्रिटनने २०२४ च्या एप्रिलपासून सोपे डीफॉल्ट पासवर्ड बंद केले, भारतात सीसीटीव्हींची सुरक्षा तपासणी सक्तीची झाली. पण हे नव्या मालाला. आमच्या डीव्हीआरमध्ये फर्मवेअरची (आतल्या सॉफ्टवेअरची) तारीख बघितली तर २०१८ ची, जुना स्टॉक गळ्यात मारलेला.

शेवटी पासवर्ड बदलला, चांगला चौदा अक्षरी, आणि काकाला फोनवर एकेक अक्षर सांगितलं. त्याने विसरायला नको म्हणून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला.