छोट्या विमानातील एओए निर्देशक आणि कॅलिब्रेशनचा वाद : पार्श्वभूमी

गोंदियाजवळच्या बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील आहे. तिच्या आसपासच्या गावांना प्रशिक्षणार्थींच्या छोट्या विमानांचा रोजचा आवाज मात्र गेल्या दीड दशकातच सवयीचा झाला. अशा विमानांत अँगल ऑफ अटॅक (एओए), म्हणजे पंख आणि समोरून येणारी हवा यांमधला कोन, दाखवणारा निर्देशक बसवण्याची पद्धत त्याहूनही अलीकडची आहे. विमानवाहू नौकेवर उतरणाऱ्या लढाऊ जेटचे वैमानिक 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून एओए पाहून उतरत आले, तर छोट्या विमानांना दीर्घकाळ पंखाच्या पुढच्या कडेवरील पट्टी आणि स्टॉलआधी, म्हणजे हा कोन फार वाढून पंखाची उचल ढासळण्याआधी, वाजणारा भोंगा यांवरच भागवावे लागले.

ही स्थिती 2014 मध्ये बदलली. अमेरिकेच्या नागरी विमान नियामकाने छोट्या विमानांसाठी या निर्देशकाच्या मंजुरीची प्रक्रिया सोपी केली आणि त्याला पूरक साधनाचा दर्जा दिला. निर्णय स्वागतार्हच होता, कारण किंमत आवाक्यात आली. मात्र विमान कारखान्यातून बाहेर पडल्यावर बसवलेले उपकरण नेमके केव्हा पिवळे आणि केव्हा लाल दिवे दाखवणार, हे ठरवण्याचा, म्हणजे कॅलिब्रेशनचा, भार बसवणाऱ्या तंत्रज्ञावर आणि वैमानिकावर येऊन पडला. पुढचा सारा वाद इथून सुरू होतो.

दोन छिद्रांवरील दाबांची तुलना करून कोन ओळखणाऱ्या प्रोबचा, म्हणजे विमानाबाहेरील संवेदकाचा, शून्यबिंदू जमिनीवर, वारा नसताना घेता येतो. त्यात फारसे मतभेद नाहीत. खरा प्रश्न उतरण्याच्या संदर्भबिंदूचा आहे. हा बिंदू स्टॉलच्या वेगाच्या 1.3 पटीवर घ्यावा, असा प्रघात आहे. 1.3 चा वर्ग 1.69 असल्याने त्या वेगाला पंख आपल्या कमाल लिफ्ट गुणांकाच्या (उचल देण्याच्या क्षमतेच्या) सुमारे 59 टक्केच वापरत असतो आणि उरलेला भाग सुरक्षेसाठी राहतो. पण 1.3 पट कशाच्या? पुस्तिकेतील स्टॉलचा वेग कमाल वजनाला दिलेला असतो, तर कॅलिब्रेशनच्या उड्डाणात बहुधा दोनच माणसे आणि अर्धी टाकी इंधन असते. शिवाय कमी वेगाला विमानाचे नाक बरेच वर असते, वेग मोजण्यासाठीच्या पिटोट नळीवर हवा तिरकी येते आणि वेगदर्शक चुकतो. पुस्तिकेतील आकडा घेऊन बिंदू ठरवला की, ज्या वेगदर्शकाच्या मर्यादा ओलांडण्यासाठी एओए निर्देशक बसवला, त्याच्याच चुका निर्देशकात उतरतात. म्हणून पुरेशा उंचीवर, प्रशिक्षकासह, त्याच वजनाला प्रत्यक्ष स्टॉल घेऊन बिंदू ठरवणे हाच योग्य मार्ग होय, मग त्यात एक उड्डाण जास्त का लागेना. एकदा तो नीट ठरला की वजन बदलले किंवा 60 अंशांच्या वळणात स्टॉलचा वेग 41 टक्क्यांनी वाढला, तरी कोन तोच राहतो.

फ्लॅपचा, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेवरील खाली सोडता येणाऱ्या झडपांचा, प्रश्न मात्र एवढ्याने सुटत नाही. फ्लॅप खाली सोडल्यावर पंखाच्या मूळ जीवारेषेवरून (पुढची आणि मागची कड जोडणाऱ्या रेषेवरून) मोजलेला स्टॉलचा कोन कमी होतो आणि प्रोबजवळचा प्रवाहही बदलतो. फ्लॅप वर ठेवून कॅलिब्रेट केलेला निर्देशक उतरताना प्रत्यक्षापेक्षा जास्त सुरक्षा शिल्लक दाखवू शकतो. फ्लॅप खाली ठेवून केलेला निर्देशक, उलटपक्षी, चढतानाच इशारे देऊ लागतो. अवेळी इशाऱ्यांचा कंटाळा येऊन वैमानिक दिव्यांकडे पाहणेच सोडतो, हा आक्षेप रास्त आहे. तरीही उतरताना खोटा दिलासा मिळणे अधिक घातक असल्याने, फ्लॅपची स्थिती ओळखून दोन वेगळे संदर्भ साठवणारी उपकरणे महाग असली तरी तीच घ्यावीत.

ऑक्टोबर 2018 मध्ये जावा समुद्रात एक प्रवासी जेट कोसळले. दुरुस्त करून बसवलेला त्याचा एओए सेन्सर सुमारे 21 अंशांनी चुकीचा कॅलिब्रेट झालेला होता, असे तपासात आढळले. ते विमान मोठे होते आणि त्याची नियंत्रणप्रणालीही निराळी होती, परंतु दुरुस्तीनंतर फेरतपासणी हवीच, ही बाब दोन आसनी विमानालाही तितकीच लागू पडते.

विदर्भात या कामाला ऋतूचेही बंधन आहे. उन्हाळ्यात 45 अंशांच्या दुपारी तापलेल्या जमिनीवरून वर उठणारे झोत कोन क्षणोक्षणी बदलतात, त्यामुळे अशी उड्डाणे पहाटेच्या स्थिर हवेतच करावी लागतात. प्रोबची छिद्रे झाकलेली नसली तर त्यांत कुंभारीण माशी मातीचे घर करू शकते. अशी माती काढल्यानंतर जमिनीवरील शून्यबिंदू पुन्हा पडताळून पाहावा लागतो.