लेट्रोझोलची गोळी आणि २०११ची बंदी

पाळी जाऊन वर्षे लोटली, तरी स्तनाच्या कर्करोगात हार्मोन रोखायची गोळी कशाला? खानापूर, निपाणी, चिकोडीकडून बेळगावला नाहीतर मिरजेला उपचारांसाठी जाणाऱ्या बायकांचा हा प्रश्न अगदी रास्त आहे. पाळी गेल्यावर अंडाशय थंडावतात, अरोमॅटेज थंडावत नाही. मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथींकडून आलेल्या पुरुषी हार्मोनांचे इस्ट्रोजेन करण्याचे या एन्झाइमचे काम चरबीत आणि स्तनातही चालूच राहते. गाठीच्या आसपास तयार होणारे प्रोस्टाग्लँडिन हे रसायन त्याला आणखी जोर देते. पुढे हेच इस्ट्रोजेन कर्कपेशीतल्या रिसेप्टरला, म्हणजे हार्मोन पकडणाऱ्या प्रथिनाला, जाऊन चिकटले, की ती पेशी कॅथेप्सिन-डीसारखी प्रथिने तोडणारी एन्झाइम जास्त बनवू लागते.

१८९६ मध्ये ग्लासगोहून स्तनाच्या कर्करोगात अंडाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेचा अहवाल आला, तेव्हा यातले काहीच ठाऊक नव्हते. अरोमॅटेजला अडवणारे पहिले औषध, अमिनोग्लुटेथिमाइड, मुळात फिटांवरचे. ते अॅड्रिनललाही दाबायचे, म्हणून सोबत हायड्रोकॉर्टिसोन द्यावे लागे. नेमके अरोमॅटेजच रोखणाऱ्या अॅनास्ट्रोझोल आणि लेट्रोझोल या गोळ्या १९९०च्या दशकातल्या.

खरा गोंधळ ऑक्टोबर २०११ मध्ये झाला. इस्ट्रोजेन उतरले की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी अंडाशयाला चेतवते, म्हणून मूल होत नसलेल्या तरुण स्त्रियांनाही लेट्रोझोल दिले जात होते. २००५ मध्ये एका परिषदेत बाळांतील जन्मदोषांची शंका मांडली गेली. पुढच्याच वर्षी ९११ बाळांची तुलना केली, तेव्हा तिला आधार मिळाला नाही. तरी दिल्लीतून बंदी आली. आपल्याकडे पुरेशा चाचण्यांविना या वापराला परवानगी दिली गेली, हा टीकाकारांचा आक्षेप दमदार होता. पण त्याचे उत्तर चाचण्या घेणे हे होते. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ७५० स्त्रियांवरील चाचणीत पीसीओएसमध्ये (अंडाशयाच्या, पाळी अनियमित करणाऱ्या विकारात) लेट्रोझोलच सरस ठरले. आपल्याकडची बंदी मात्र २०१७ पर्यंत उठली नाही.

ती बंदी वंध्यत्वापुरतीच होती. कर्करोगाच्या रुग्णांसाठी लेट्रोझोल एक दिवसही बंद नव्हते, हे आजही ठासून सांगायला हवे.

इस्ट्रोजेन घटल्याने हाडे ठिसूळ होतात, बोटे आणि मनगटे आखडतात. निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईचा तर रोजगारच बोटांवर. अशा वेळी गोळी परस्पर सोडू नये, डॉक्टरांना सांगावे. याच गटातली दुसरी गोळी काहींना सोसते.