मोठी पॉकेट पेअर आणि ओव्हरकार्ड

टेक्सास होल्डेम पोकरमध्ये भिडूला वाटलेली दोन झाकली पाने एकाच किमतीची निघाली, तर त्या जोडीला पॉकेट पेअर म्हणतात. फ्लॉपवर, म्हणजे पहिल्यांदा उघडणाऱ्या तीन सामाईक पानांत, त्या जोडीहून वरचे पान आले की ते ओव्हरकार्ड. हातात दोन राजे आणि समोर एक्का, ही त्याची सर्वांत ओळखीची आणि सर्वांत जिवाला लागणारी तऱ्हा. एक्क्यांच्या जोडीला हा प्रश्न पडत नाही, कारण तिच्या वर पानच नाही.

राजांच्या जोडीवर फ्लॉपमध्ये एक्का येण्याची शक्यता सुमारे २२.५ टक्के असते. राण्यांच्या जोडीवर ओव्हरकार्ड येण्याची शक्यता ४१ टक्के, गुलामांच्या जोडीवर ५७ आणि दश्श्यांच्या जोडीवर ६९. गुलामांवर ओव्हरकार्ड येणे हाच नेहमीचा क्रम आहे, तरी भिडू दर वेळी दचकतात. मागे पडलेली जोडी सावरणेही अवघड असते. तिसरे पान जुळून सेट व्हायला पत्त्यांत दोनच पाने उरतात आणि टर्न आणि रिव्हर (फ्लॉपनंतर उघडणारे चौथे आणि पाचवे सामाईक पान) मिळून ती संधी जेमतेम ८.४ टक्के भरते.

एक्का पडला म्हणजे तो समोरच्याच्या हातात आहेच, असे नाही. तीन एक्के बाकी असताना कोणत्याही दोन पानांत त्यांतला एक असण्याची शक्यता १२.५ टक्के, समोर तिघे असतील तर ३४ आणि पाच असतील तर ५२. हे आकडे मात्र डोळे मिटून वाटलेल्या पानांचे आहेत. रेझला (वाढवलेल्या बाजीला) कॉल करणारा, म्हणजे तेवढीच रक्कम घालून डावात राहणारा, कचरा पाने आधीच टाकून आलेला असतो, त्यामुळे त्याच्या हातात एक्का असण्याची शक्यता यापेक्षा जास्त धरावी लागते. उलट एक्का-राजा मिळालेला भिडू बहुधा फ्लॉपआधीच पुन्हा रेझ करतो. त्याने नुसता कॉल केला असेल तर एक्का-राजाची शक्यता थोडी बाजूला ठेवता येते. शिवाय दोन राजे आपल्याच हातात असल्याने एक्का-राजाच्या जुळण्या सहाच उरतात, एक्का-राणीच्या मात्र बारा.

एकाच प्रतिस्पर्ध्यासमोर कोरड्या फ्लॉपवर, म्हणजे एकाच रंगाची किंवा ओळीतली पाने नसलेल्या फ्लॉपवर, राजे बहुतेकदा अजून पुढेच असतात. त्यांची पैसे वसूल करण्याची ताकद मात्र घटलेली असते. मोठी बेट (बाजी) लावली तर सत्तीची जोडी धरून बसलेला उठून जातो आणि एक्केवाला आनंदाने थांबतो. हलका हात पळवायचा आणि भारी हात पोसायचा, असा हा उलटा व्यवहार. म्हणून तीनही फेऱ्यांत बेट लावण्याऐवजी एक फेरी चेक करून, म्हणजे काही न लावता पाळी पुढे देऊन, पॉट (मध्ये जमलेली रक्कम) लहान ठेवणे शहाणपणाचे ठरते.

समजा ब्लाइंड, म्हणजे दोन भिडूंनी पाने बघण्याआधी सक्तीने लावायच्या रकमा, १ (स्मॉल) आणि २ (बिग) चिप्सचे आहेत. राजेवाल्याने ६ केले, स्मॉल ब्लाइंडने पाने टाकली, बिग ब्लाइंडने कॉल केला, पॉट १३. फ्लॉपवर चौकटचा एक्का, किलवरची सत्ती, इस्पिकची दुर्री. दोघांचे चेक. टर्नला बदामाची नव्वी येते आणि बिग ब्लाइंड ७ लावतो. कॉल धरून पॉट २७ होतो, म्हणजे २६ टक्के वेळा जिंकले तरी कॉल परवडतो. फ्लॉपवरच्या चेकमुळे समोरचा नव्वी-सत्तीच्या जोडीवरही धीट झालेला असू शकतो, तेव्हा इथे पाने टाकणे भित्रेपणाचे. रिव्हरला चौकी पडून त्याने २५ लावले, तर गणित बदलते: आता साडेबत्तीस टक्के विजय हवेत. क्वचितच ब्लफ करणाऱ्या भिडूसमोर राजे इथे निमूट टाकावेत. हातातली पाने देखणी आहेत म्हणून केलेला कॉल हीच या प्रसंगातली सर्वांत महागडी सवय.

फ्लॉप ओला, म्हणजे एकाच रंगाची किंवा ओळीतली पाने असलेला, असेल तर चेकची ही शिकवण जशीच्या तशी लावू नये. गुलामांच्या जोडीवर बदामाचा राजा, बदामाची अठ्ठी आणि इस्पिकची सत्ती आली, तर दोन बदाम धरलेल्याला पुढच्याच पानावर फ्लश (एकाच रंगाची पाच पाने) पुरा करण्याची सुमारे पाचात एक संधी मिळते. दश्शी-नव्वीवाला सीक्वेन्सच्या आशेवर असतो. अशांना फुकट पान देण्यापेक्षा पॉटच्या तिसऱ्या हिश्शापासून अर्ध्यापर्यंत बेट लावलेली बरी. फ्लॉपआधी रेझ आपलाच असेल तर राजा आपल्याकडेही असू शकतो, ही शंका समोरच्याला असतेच. त्या बेटवर पुन्हा रेझ आला, तर मात्र फार रेंगाळू नये.

तिघे-चौघे डावात असतील तर हे बारकावे बहुतेक गळून पडतात. एकाने बेट लावली, दुसऱ्याने कॉल केला आणि जोडीवर वरचे पान पडलेले आहे, तर दोघेही हलके असण्याची आशा धरण्यात अर्थ नसतो.