मातीची कुंडी, पांढरे डाग आणि मोगरा
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आम्हाला सगळ्यात जास्त येणारा फोन असा असतो: "तुमच्याकडून नेलेल्या कुंडीवर पांढरी बुरशी चढलीय, आता काय करू?" मग काही महिन्यांनी त्याच घरातून दुसरा फोन येतो: "मोगऱ्याची पानं पिवळी पडून गळताहेत, झाड बहुतेक जाणार." मधल्या काळात काय झालं, हे आता आम्हाला विचारावंही लागत नाही. डाग झाकायला कुंडीला ऑइल पेंट दिलेला असतो.

म्हणून हे पत्रक. कुंडीसोबत ते घरी न्या आणि रंगाचा डबा उघडण्याआधी एकदा वाचा.

ती बुरशी नाही

कुंडीवरचे पांढरे डाग म्हणजे क्षार. आम्ही कुंडी ८०० ते ९०० अंशांच्या आसपास भाजतो. एवढ्या आचेत माती पक्की होते, पण तिची बारीक छिद्रं बुजत नाहीत. झाडाला घातलेलं पाणी या छिद्रांतून हळूहळू बाहेरच्या अंगाला येतं आणि उडून जातं. पाण्यात आणि खतात विरघळलेले क्षार मात्र उडत नाहीत, ते तिथेच बसतात. जुन्या चाळीच्या भिंतीला लोणा लागलेला तुम्ही पाहिलाच असेल, तोच हा प्रकार. त्यामुळे डाग दिसले तर कुंडी खराब निघाली असं समजू नका. तिचं काम नीट चाललंय, एवढाच त्याचा अर्थ.

डाग किती पडतील, हे पाणी आणि खत यांवर असतं. महापालिकेचं पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांमधून येतं, ते बऱ्यापैकी हलकं असतं. टँकरचं किंवा बोअरवेलचं पाणी बहुधा जड असतं. ते वापरणाऱ्या सोसायट्यांमधून आमच्याकडे डागांच्या तक्रारी जास्त येतात. त्याच सोसायट्यांत अनंताचीही पानं शिरा हिरव्या राहून पिवळी पडतात, कारण त्याला आंबट माती लागते आणि जड पाण्यानं मातीचा आंबटपणा जातो. शिवाय १९:१९:१९ सारखं विद्राव्य खत दर आठवड्याला चमचा भरभरून घातलं, तर पाणी कितीही चांगलं असो, डाग येणारच. खताचं प्रमाण निम्मं करा आणि महिन्यातून एकदा तळाच्या भोकातून भरपूर वाहून जाईल इतकं साधं पाणी घाला. साचलेले क्षार बरेच धुऊन निघतात.

डाग डोळ्यांना खुपत असतील तर कुंडी कोरडी असताना नारळाच्या शेंडीनं घासा. रिकामी कुंडी असेल तर एक भाग व्हिनेगर आणि चार-पाच भाग पाणी असं करून तिला आंघोळ घाला, मग साध्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळवा. झाड लावलेल्या कुंडीला व्हिनेगर लावू नका, ते मातीत उतरतं. संडास-बाथरूम धुण्याचं ॲसिड तर कधीच नको.

रंग दिला की काय होतं

ऑइल पेंटनं छिद्रं बुजतात. पूर्वी कुंडीच्या अंगातून उडून जाणारं पाणी आता आतच राहतं. तुम्ही पाणी मात्र रोजच्या सवयीनं तेवढंच घालता. माती सतत ओली राहते, तिच्यात हवा खेळत नाही आणि मुळं काळी पडून कुजतात. झाडाला मुळातून पाणी ओढता येत नाही म्हणून पानं माना टाकतात. झाड तहानलंय असं वाटून घरातलं माणूस आणखी पाणी घालतं. मोगरा जातो तो इथे.

कोणी म्हणेल, प्लॅस्टिकच्या कुंडीत कुठे छिद्रं असतात, त्यातही झाडं जगतातच की. जगतात. पण प्लॅस्टिकच्या कुंडीला पाणी कमी लागतं हे लोकांना ठाऊक असतं आणि ते हात राखून घालतात. रंगवलेली मातीची कुंडी दिसते मातीची आणि वागते प्लॅस्टिकसारखी, म्हणून ती फसवते.

आणखी एक नुकसान होतं, ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. उघड्या मातीची कुंडी तुमच्याशी बोलत असते. पाणी घातल्यावर तिचा रंग गडद होतो, वाळत आली की वरून खाली फिकट होत जाते. बोटाच्या पेरानं तिच्या अंगावर टकटक करा. आवाज खणखणीत आला तर आतली माती कोरडी आहे, बद्द आला तर ओली. एकदा कान बसला की मातीत बोट खुपसून बघायचीही गरज राहत नाही. रंगाखाली कुंडीचं हे बोलणं बंद होतं.

आणि एवढं करून रंग टिकतो म्हणावं, तर तेही नाही. आतून येणारी ओल आणि क्षार त्याला मागून ढकलतात. एका पावसाळ्यात फुगे येऊन पोपडे सुटतात.

रंग हवाच असेल तर गेरू लावा. गेरू पाण्यात कालवून दिला की माती तशीच मोकळी राहते. त्यावर तांदळाच्या पिठाची वारली चित्रं काढता येतात. पावसात ती धुऊन जातील, पुन्हा काढायची. मुलांना हे काम फार आवडतं. आमच्याकडे गेरूची पुडी मिळते.

आम्ही कुंड्यांना चकाकी का देत नाही

"बाजारात चकचकीत कुंड्या मिळतात, तुमच्या अशा साध्याच का?" हा प्रश्नही नेहमीचा. उत्तर आमच्या चाकाच्या बाजूला ठेवलेलं आहे, येऊन बघू शकता. धारावीतल्या आमच्या जागेत चाकाच्या एका अंगाला मरवा, दवणा, तुळस आणि पानओवा आहे, दुसऱ्या अंगाला मोगऱ्याच्या कुंड्यांची ओळ. ही झाडं शोभेसाठी ठेवलेली नाहीत, आमचं काम त्यांच्यावर चालतं.

माती मळून चाकावर घेतली तरी कधी कधी ती मध्याला बसत नाही. हात घाईत असले, डोक्यात ऑर्डरीचा हिशेब असला की हटकून असं होतं. अशा वेळी चाक थांबवायचं, हात धुवायचे आणि मरव्याची दोन पानं चुरगळून वास घ्यायचा. श्वास लांब होतो, खांदे खाली येतात. मग पुन्हा बसलं की तीच माती ऐकते. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना आम्ही चाकाच्या आधी हे शिकवतो.

घाटही झाडांकडूनच येतात. आमच्या लहान कुंडीचं पोट उमलायच्या आदल्या दुपारच्या मोगऱ्याच्या कळीवरून घेतलंय: खाली भरलेलं, वर हलकेच आवळलेलं. पानओव्याचं जाड पान ओल्या मातीवर दाबलं की शिरा अशा खोल उमटतात की भाजल्यावरही बोटाला लागतात. तुमच्या कुंडीच्या काठाखाली जी नक्षी आहे ती त्या पानाची. एकाच झाडाची दोन पानं सारखी नसतात, म्हणून जोडीनं घेतलेल्या दोन कुंड्याही हुबेहूब सारख्या मिळणार नाहीत. काही ग्राहक याला दोष मानतात. आम्ही मानत नाही.

आमच्यापासून जवळच मिठी नदीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. एके काळी तिथे शहराचा कचरा टाकत. त्याच ३७ एकरांवर झाडं लावून १९९४ साली उद्यान खुलं झालं. भट्टी लावल्याच्या दुसऱ्या दिवशी, ती निवेपर्यंत, आमच्यातलं कोणी ना कोणी तिथे चक्कर मारून येतं. नवीन घाट सुचतात ते बहुतेक अशा चकरांमध्येच. रस्त्यावर बकुळीचा सडा दिसला तर ओंजळभर वेचून आणतो. बकूळ वाळली तरी वास सोडत नाही, ती कच्च्या भांड्यांच्या फळीवर ठेवतो.

आता चकाकीचं. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर तापलेल्या कुंडीवर पाणी पडलं की मातीचा वास येतो, तो आम्हाला फुलांच्या वासाइतकाच मोलाचा वाटतो. कोरड्या मातीवर पाणी पडल्यावर येणाऱ्या या गंधाचा अभ्यास इसाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी १९६४ साली 'नेचर'मध्ये मांडला. कनौजचे अत्तरवाले तर भाजलेल्या मातीपासून त्याचं अत्तर पिढ्यान्‌पिढ्या काढत आले आहेत. रंगवलेल्या किंवा चकाकी दिलेल्या कुंडीच्या अंगाला हा वास येत नाही. झाडाची मुळं आणि हा गंध, दोन्हींसाठी आम्ही कुंडीचं अंग उघडं ठेवतो.

लावताना एवढं करा

नवी कुंडी आणली की तिच्यात लगेच झाड लावू नका. बादलीत बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत राहू द्या. कोरडी कुंडी पहिले काही दिवस झाडाच्या वाटणीचं पाणी स्वतःच पिते. तळाच्या भोकावर खापराचा तुकडा पालथा ठेवा, म्हणजे माती अडते आणि पाणी जातं. खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात म्हणून काही जण भोक सिमेंटनं बुजवतात. तसं करू नका, ताटली ठेवा आणि त्यातलं पाणी ओतून टाका. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास आठवड्याभरात तयार होतो, हे सांगायला पावसाळ्यात महापालिकेची माणसं घरोघरी फिरतच असतात. कुंडी ताटलीच्या वर उचलायला आमच्याकडे मातीचे छोटे पाय मिळतात. ते लावले की तळालाही वारा लागतो.

मोगऱ्याला दहा ते बारा इंची कुंडी पुरते, पण पाच-सहा तास ऊन हवंच. फुलं नव्या फुटीवर येतात, तेव्हा डिसेंबर-जानेवारीत छाटणी करायला घाबरू नका. तुमच्या खिडकीत ऊन येत नसेल तर मोगरा नेऊ नका. आम्हीही तो तुम्हाला विकणार नाही. वाळा कुंडीत लावायचा विचार असेल तर उंच, खोल कुंडी लागेल, ती सांगून ठेवावी लागते. रातराणीची फळं-पानं विषारी असतात, घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर ती उंचावर ठेवा. बाहेर टांगलेल्या ग्रिलमध्ये मोठ्या कुंड्यांची रांग लावू नका. मातीची कुंडी जड असते, ओली झाली की आणखी जड होते. तिथे सहा इंचीत तुळस किंवा मरवा शोभतो.

ऑर्डर आणि बदली

जून ते सप्टेंबर कच्ची भांडी वाळायला फार वेळ लागतो. ओलसर भांडं भट्टीत घातलं तर फुटतं, म्हणून या दिवसांत आम्ही घाई करत नाही. दिवाळीसाठी कुंड्या हव्या असतील तर गणपतीच्या आधी सांगा.

कुंडी घरी नेल्यावर तडकलेली निघाली तर बदलून देतो. रंगवलेली कुंडी बदलून देत नाही. झाड मात्र जरूर घेऊन या. कुजलेली मुळं कापून नव्या कुंडीत लावून देऊ, पैसे फक्त कुंडीचे घेऊ. आणण्याआधी दोन दिवस त्याला पाणी घालू नका, म्हणजे मातीचा गोळा कुंडीतून सबंध सुटतो आणि उरलेली चांगली मुळं तुटत नाहीत.