द्राक्षाच्या सरबताला धन्याचा आधार

फेब्रुवारी लागला की निफाड-दिंडोरीकडून द्राक्षाचे क्रेट नाशकात उतरू लागतात. घडापासून सुटलेले मणी हातगाडीवर स्वस्तात मिळतात आणि घरी सरबताचा घाट घातला जातो. नुसता मणी चावून खाताना मजा येते, पण त्याच मण्यांचा रस गाळून प्यायला की गोड पाण्यापलीकडे काही हाती लागत नाही. मग आपण साखर वाढवतो, वेलचीची डबी उघडतो, आणि सरबत आणखी बिघडतं.

थॉम्सन सीडलेस ही द्राक्षाची मुळात मंद वासाची जात आहे. चावताना जो ताजा, हिरवट वास येतो तो हेक्झॅनलसारख्या संयुगांचा. पेशी फुटली की एन्झाइमं तो तिथल्या तिथे तयार करतात. म्हणजे प्रत्येक मण्यागणिक नवा वास. रस काढून ठेवला, गरम केला की हा वास विरतो आणि मागे उरतात साखर व आम्ल. सरबताला आधार हवा तो या रिकाम्या जागी. गोडाला गोडाची गरज नसते.

साखरेचा हिशेबच पाहा. तयार थॉम्सनची गोडी 18 ते 20 ब्रिक्स असते, म्हणजे 100 ग्रॅम रसात साधारण 18 ते 20 ग्रॅम साखर. पिण्याजोग्या सरबताला 11-12 टक्के पुरते. त्यामुळे 600 मिली रसात एकूण 400 मिली पाणी घातलं की गोडी बरोबर जुळते आणि वरून चमचाभरही साखर लागत नाही. पाण्याने आंबटपणाही उतरतो, म्हणून लिटरमागे 20 मिली लिंबाचा रस घालायचा. कागदी लिंबू लहान असेल तर दोन लागतील. मार्चअखेरच्या द्राक्षाला थोडा जास्त लागतो, कारण उन्हाच्या तडाख्यात मण्यातलं मॅलिक आम्ल श्वसनात खर्ची पडतं आणि रस सपक होतो.

आता वासाकडे वळू. द्राक्षांमध्ये मस्कॅट नावाचा एक सुगंधी गट आहे. त्याचा फुलांसारखा वास मुख्यतः लिनॅलूल आणि जिरॅनिऑल या संयुगांमुळे येतो. हेच लिनॅलूल आपल्या मसाल्याच्या डब्यातही आहे, धन्यात! धन्याच्या सुगंधी तेलाचा साधारण दोन तृतीयांश भाग लिनॅलूलचा असतो. थॉम्सनमध्ये जे कमी आहे, नेमकं तेच धने पुरवतात. द्राक्षाशी नातं असल्यामुळे धन्याचा वास वेगळा उठून दिसत नाही. द्राक्षच जास्त द्राक्ष लागतं.

लिनॅलूलचा आणखी एक गुण म्हणजे ते पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं, लिटरला ग्रॅमभराहून अधिक. लिंबाच्या सालीतलं लिमोनीन लिटरला काही मिलिग्रॅमपुरतंच विरघळतं. म्हणून किसलेल्या सालीचं तेल सरबतावर तवंग धरतं, पहिल्या घोटाला भपकन येतं आणि तळाशी काहीच उरत नाही. धन्याचं पाणी मात्र शेवटच्या घोटापर्यंत साथ देतं.

4 ग्रॅम धने, म्हणजे दोन सपाट चहाचे चमचे, खलबत्त्यात फक्त फुटतील इतके ठेचा. पूड करू नका, गाळणं अवघड होतं आणि रस गढूळ दिसतो. धने भाजायचेही नाहीत. भाजताना लिनॅलूल उडून जातं आणि खमंग वासाची पायराझीनं तयार होतात. ती आमटीत हवीत, इथे नकोत. 100 मिली पाणी उकळून गॅस बंद करा, मिनिटभराने धने टाका, घट्ट झाकण ठेवा, 10 मिनिटं थांबा. गाळून झाकूनच गार होऊ द्या. झाकण उघडं राहिलं तर घरभर वास सुटेल, पण पाण्यात कमी राहील.

किती घालायचं हे जिभेवरच ठरतं, पण त्याची पद्धत हवी. औषधाच्या दुकानातून बिनसुईची 5 मिलीची सिरिंज आणा. पाच वाट्यांत 100-100 मिली सरबत घ्या. एक वाटी तशीच ठेवा, बाकीच्यांत अर्धा, एक, दोन आणि तीन मिली धन्याचं पाणी घाला. ज्या वाटीत ‘हे धने आहेत’ असं ओळखू येतं, तिच्या निम्मं प्रमाण धरा. आधाराची चव नावानिशी ओळखू आली की ती आधाराची राहत नाही.

आपल्याच मनाचा खेळ टाळायला त्रिकोणी चाचणी करा. तीन सारखे पेले, दोघांत एकच सरबत, तिसऱ्यात वेगळं. चाखणाऱ्याने वेगळा पेला शोधायचा. अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता तीनात एक असते, सलग तीनदा बरोबर येण्याची 27 मध्ये एक. तिन्ही वेळा पेला सापडला आणि तोच अधिक आवडला, तर प्रमाण कामाचं आहे.

ही चाचणी थंड सरबतावरच करा. जिभेवरचा गोडाचा संदेश पुढे नेणारी टीआरपीएम-5 ही वाहिनी गारव्यात मंदावते आणि वासाची संयुगंही कमी उडतात. खोलीच्या तापमानाला नेमकं लागलेलं सरबत फ्रीजमधून काढल्यावर फिकं वाटतं. बर्फाचंही गणित आहे: 200 मिलीत 60 ग्रॅम बर्फ विरघळला तर पेल्यातला जवळजवळ 23 टक्के भाग बर्फाच्या पाण्याचा असतो. बर्फ घालणार असाल तर सुरुवातीचं पाणी तेवढं कमी करा.

धन्याला जोड द्यायची तर पहिली पसंती गुलाबाला. एकेकाळी गुलशनाबाद म्हणून ओळखल्या गेलेल्या नाशकात हे शोभतंही, पण कारण रसायनाचं आहे. गुलाबातही जिरॅनिऑल असतं. खाण्याचं गुलाबपाणी लिटरला पाव चमचा पुरे, सौंदर्यप्रसाधनाचं मुळीच वापरू नका. वेलची मात्र टाळा. तिचा वास आला की आपल्या मेंदूला शिरा आणि श्रीखंड आठवतं आणि पेय आहे त्याहून गोड भासतं. व्हॅनिलाचंही तेच. लवंगेतलं युजेनॉल जीभ बधिर करतं, तर बडीशेपेतलं अ‍ॅनेथॉल साखरेच्या तेरापट गोड असतं आणि सगळ्यांवर कुरघोडी करतं.

शेवटी थोडा तिखट चटका हवा असेल तर आल्याचा रस, लिटरला अर्धा चमचा. तो वाटीत 10 मिनिटं ठेवला की तळाशी पांढरा स्टार्च बसतो. वरचा निवळ रस तेवढा घ्या. पुदिना वाटू नका, कडवट आणि काळपट होतो. पानं तळहातांत एकदा चापटून गार सरबतात 15 मिनिटं सोडा आणि काढून टाका.

दोनाहून जास्त जोड्या मात्र नकोत. मिश्रणातले सुटे वास ओळखण्याची माणसाची कुवत तीन-चारांशीच संपते, हे 1989 मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या प्रयोगांत दिसलं. त्यापुढे सगळ्याचा एकच गोंधळलेला वास होतो.

रस काढताना मिक्सर थांबून-थांबून फिरवा. किलोभर मण्यांतून कापडाने गाळून साधारण 650 ते 700 मिली रस निघतो. तो लगेच 80 अंशांपर्यंत तापवा, नाहीतर पॉलिफेनॉल ऑक्सिडेझ हे एन्झाइम तासाभरात तो तपकिरी करतं. मग दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवा. तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले तर घाबरू नका. ते पोटॅशियम बायटार्ट्रेट, द्राक्षातलंच टार्टारिक आम्ल गारव्यात क्षाररूपाने खाली बसलेलं. वरचा रस हलकेच ओतून घ्या आणि त्यानंतरच लिंबू, धने, गुलाब घाला. आधी घातलं तर खड्यांबरोबर आंबटपणा उतरतो आणि सगळं प्रमाण पुन्हा जुळवावं लागतं.

काळी शरद सीडलेस घेतली तर सालीतल्या टॅनिनमुळे घसा किंचित आवळतो आणि कडवट झाक येते. तिथे लिटरला एक ग्रॅम, म्हणजे मोठी चिमूटभर, मीठ घाला. सोडियम कडूपणा दाबतो आणि दबलेली गोडी वर येते. 1997 मध्ये ब्रेस्लिन आणि बोशां या संशोधकांनी हे ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत दाखवलं होतं. साधंच मीठ घ्या. काळ्या मिठातला गंधकाचा वास धन्याच्या फुलासारख्या वासाला पार झाकून टाकतो.