खिचडीआधीचा साबण

कोल्हापूरच्या आसपास कुठल्याही जिल्हा परिषदेच्या शाळेत दुपारच्या सुट्टीला उभं राहून बघा. घंटा झाली की पोरं ताटं वाजवत नळाकडं पळतात. बोटं पाण्याखाली धरायची, चड्डीला पुसायची, की रांगेत. "हात धुतलास का रं?" "व्हय बाई!" खोटं नसतं ते. पाणी लागलेलंच असतं. साबण लागलेला नसतो.

१९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. पोरं एका छपराखाली आली, पण जेवायला आपापल्या घरीच जायची. बाहेरून आलं की आधी हातपाय धुवायचे, ही घराघरातली शिस्त. त्याला पाणी पुरे. हात फारच मळले तर चुलीतली राख. साबण आंघोळीचा.

नुसतं पाणी पुरत नाही, हे युरोपातही सहज पटलं नव्हतं. व्हिएन्नात १८४७ मध्ये डॉक्टर सेमेलवाइस यांनी प्रसूतीच्या वॉर्डात क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेलं बाळंतिणींच्या मृत्यूचं प्रमाण जूनमध्ये दोन टक्क्यांच्या आसपास आलं. तरी बरेच डॉक्टर त्यांच्यावरच चिडले. शिकलेल्यांची ही तऱ्हा, मग पहिलीतल्या पोराला काय बोलायचं?

आपल्याकडं खरी कलाटणी खिचडीनं दिली, असं मला वाटतं. १९९५ ला पोषण आहार योजना आली तेव्हा पोरं महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायची. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं अन्नच द्या म्हणून बजावलं. मग अख्खी शाळा रोज एकाच वेळी, एकाच नळावर. हातावर चिकटपणा असतो आणि जंतू त्यालाच धरून राहतात. नुसत्या पाण्यानं तो सुटत नाही, साबणानं सुटतो. साबणानं हात धुतल्यास जुलाबाचा धोका चाळीस टक्क्यांहून जास्त कमी होऊ शकतो, असं २००३ च्या एका मोठ्या आढाव्यात निघालं. २००८ पासून १५ ऑक्टोबर हा जागतिक हात धुवा दिन झाला.

अर्थात हात धुवून सगळं टळत नाही. २०१२ ला इचलकरंजीत काविळीची साथ आली ती दूषित पाण्यातून. नळालाच घाण आली तर साबण काय करणार? आणि कोरोनात सॅनिटायझरच्या बाटल्या आल्या खऱ्या, पण मातीनं भरलेल्या हातावर त्यांचा फारसा उपयोग नाही.

आता १५ ऑक्टोबरला पोरं रांगेनं तळवे चोळतात, फोटो निघतात. १६ तारखेला बऱ्याच ठिकाणी साबण परत ऑफिसातल्या कपाटात. कारण विचारलं तर एका बाईंनी सांगितलं, "कावळं पळवत्यात वो." हसू नका, खरंच पळवतात. त्यांनी मग वडी कांद्याच्या जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधली. पोरं पिशवीसकट हात चोळतात.